एआरटीची हिरवी वही आणि शुगरची फाइल: दोन्ही एकाच पिशवीत

2021 च्या पावसाळ्यात माझी शुगर निघाली. उपाशीपोटी 168, जेवणानंतर 251. रिपोर्ट घेऊन नागपूरच्या मेडिकल चौकातल्या चहाटपरीवर बसले. मनात आलं, एक लपवता लपवता बारा वर्षं गेली, आता हे दुसरं कुठं लपवू? खरं म्हणजे शुगर कोणी लपवत नाही. आमच्या गल्लीत घरटी एकाला आहे, लोक लग्नाच्या पंगतीत मोठ्यानं सांगतात. पण मला सवयच तशी लागलेली. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, शुगरचं बोलले नाही आणि शुगरच्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगितलं नाही. दोन कापडी पिशव्या केल्या, एक कपाटात साड्यांखाली, दुसरी देवघराजवळच्या खुंटीला. त्या दोन पिशव्यांपायी काय भोगलं ते पाचव्या पायरीत येईलच.

मी डॉक्टर नाही. नंदनवनात डबे करते, 2009 पासून एआरटीवर आहे. ज्यांना एचआयव्हीसोबत आत्ताच शुगर, बीपी किंवा कोलेस्टेरॉल निघालंय आणि कोणत्या दारात आधी जावं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोळी सुरू करणं, बंद करणं, कमीजास्त करणं हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.

1. आधी "हे मलाच का" हा प्रश्न मिटवा

गोळ्या वेळेवर चालू, व्हायरल लोड (रक्तातला विषाणूचा आकडा) दिसत नाही, मग हे कुठून आलं? सगळे हेच विचारतात.

एक तर आपण जगलो. सरकारी एआरटी 1 एप्रिल 2004 ला मोफत सुरू झाली, त्या आधीची आणि नंतरची गोष्टच वेगळी. तेव्हा तिशीत असलेले आज पन्नाशीत आहेत, आणि पन्नाशीचे आजार पन्नाशीत येणारच. दुसरं, विषाणू दाबलेला असला तरी शरीराची राखण करणारी यंत्रणा थोडी चेतलेलीच राहते. राखेखाली निखारा असतो ना, तसं. त्या धगीनं रक्तवाहिन्या आतून लवकर खराब होतात, म्हणून हार्ट अटॅकचा धोका आपल्याला इतरांपेक्षा जास्त. तिसरं, औषधं. माझ्या सुरुवातीच्या काळात स्टॅव्हुडिन होती. तिनं अनेकांचे गाल बसले, पायांना मुंग्या आल्या. आता बहुतेकांना मिळणारी टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर, त्या मानानं फार सुसह्य आहे. पण डोल्युटेग्राव्हिरनं काहींचं वजन वाढतं, आणि टेनोफोव्हिरसाठी किडनीवर लक्ष ठेवावं लागतं.

वजनाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथं आपली मंडळी हमखास फसतात. आपल्याला बारीक होण्याची भीती असते. हात-पाय वाळले की लोक ओळखतील, ही धास्ती मनात इतकी खोल बसलेली असते की वजन वाढलं की आपण खूशच होतो. टीएलडी सुरू झाल्यावर वर्षभरात माझं सात किलो वाढलं. शेजारीण म्हणाली, "तब्येत सुधरली बाप्पा तुमची," आणि मी दोन दिवस हवेत. ब्लाउज उसवायला घेतले तरी काट्यावर उभी राहिले नाही. कमरेचा घेर वाढत असेल तर आनंद आवरा आणि शुगर तपासा.

2. पिशवी भरा

एकच पिशवी. तिच्यात हे पाहिजे:

- एआरटीची वही. केंद्रावर ग्रीन बुक म्हणतात, मी हिरवी वही म्हणते
- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, दोन्हीच्या झेरॉक्स. महात्मा फुले योजनेतून ॲन्जिओप्लास्टी किंवा डायलिसिस करायची वेळ आली तर हीच आधी मागतात
- सगळे जुने रिपोर्ट, तारखेप्रमाणे, नवा वर
- आत्ता चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं रिकामं पाकीट. नाव वाचता येत नसलं तरी पाकीट बोलतं
- काढे, चूर्ण, कॅल्शियम, ताकदीच्या गोळ्या, पित्ताचं औषध. ही "औषधं नव्हेत" असं आपल्याला वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिते
- चाळीस पानी वही आणि पेन
- केसपेपरसाठी सुटे पैसे, पाण्याची बाटली, दोन चपात्या

हिरवी वही उघडी न्यायला संकोच वाटत असेल तर शाळेच्या पुस्तकाला घालतो तसं खाकी कव्हर घाला. मी घातलंय. वर "हिशोब" लिहिलंय.

3. पहिलं दार एआरटी केंद्राचंच

मेडिकल असो की मेयो (इथली दोन मोठी सरकारी रुग्णालयं), तुमचं नाव जिथं नोंदलंय तिथूनच सुरुवात करा. आपण उलटं करतो, शुगर म्हटलं की गल्लीतला दवाखाना. पण तुमच्या गोळ्यांचा सगळा इतिहास केंद्राकडे असतो.

गोळ्यांच्या तारखेला फक्त डबी घेऊन पळायची सवय लागलेली असते, त्यातही तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू लागल्यापासून जास्तच. शुगर किंवा बीपी निघालं असेल तर त्या दिवशी घाई करू नका. काउन्सेलर ताईंना आधी सांगा, "मला डॉक्टरांशी बोलायचंय." मग डॉक्टरांना विचारा:

- वजन आणि बीपी आज मोजाल का, वहीत लिहाल का?
- क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी शेवटची कधी झाली?
- कोलेस्टेरॉलची तपासणी आणि ईसीजी करायचा का?
- माझ्या एआरटीमुळे कोणती औषधं चालणार नाहीत, ते चिठ्ठीवर लिहून द्याल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. ती चिठ्ठी पुढच्या प्रत्येक डॉक्टरांपुढं ठेवता येते. तिथूनच मेडिसिनच्या ओपीडीसाठी रेफर करून घ्या. घराजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा आपला दवाखान्यात तिशीनंतरच्यांची बीपी-शुगर तपासतात आणि नेहमीच्या गोळ्याही देतात. दर महिन्याला मेडिकलची रांग नको असेल तर ही सोय बरी, पण पहिली घडी केंद्रातच बसू द्या.

क्रिएटिनिनबद्दल एक गोष्ट. डोल्युटेग्राव्हिर सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हा आकडा किंचित वर सरकू शकतो, आणि किडनी ठणठणीत असते. मात्र तो वाढतच राहिला तर प्रकरण वेगळं. म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नका, मागचे दोन-तीन शेजारी ठेवून दाखवा.

4. रक्त देताना

रात्रीच्या जेवणानंतर आठ ते दहा तास पाण्याशिवाय काही नाही. सकाळचा घोटभर चहासुद्धा नाही. "बिनसाखरेचा होता जी" असं म्हणून मी एकदा परत आले आहे. एआरटीची गोळी चुकवायची नाही. टीएलडी उपाशीपोटीही चालते.

उपाशीपोटी 126 किंवा जास्त, नाहीतर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त आली तर शुगर धरतात. त्रास काही नसेल तर एका आकड्यावर न थांबता तपासणी पुन्हा करतात.

इथला सापळा फार जणांना माहीत नसतो. आपल्यात एचबीएवनसी कधीकधी खऱ्यापेक्षा कमी दाखवते, विशेषतः एआरटीत झिडोव्हुडिन किंवा अबाकाव्हिर चालू असेल तर. 6.2 आली म्हणून पेढे वाटू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगरही करून घ्या.

5. दुसऱ्या डॉक्टरांना सांगा, आणि गोळ्यांची भांडणं ओळखा

ही सगळ्यात मोठी पायरी, आणि माझी फजितीही हीच.

मी एका खाजगी दवाखान्यात गेले. "आणखी काही गोळ्या चालू आहेत का?" असं कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मेटफॉर्मिन सुरू झाली, 500 दोनदा. महिन्यानं शुगर उतरली नाही म्हणून 1000 दोनदा. मग जुलाब सुरू झाले. अन्न नको, तोंडाला धातूची चव, पायात जीव नाही. सकाळी चाळीस डब्यांच्या पोळ्या लाटताना दोनदा उठून जावं लागायचं. मला वाटलं, झालं, जुनंच दुखणं उलटलं. त्या भीतीनं केंद्रात गेले आणि काउन्सेलर ताईंसमोर रडू फुटलं. त्यांनी दुसरी पिशवी उघडायला लावली, गोळीचं पाकीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काऊन लपवलं जी ताई? आम्हाला तरी सांगायचं!"

डोल्युटेग्राव्हिर मेटफॉर्मिनला शरीराबाहेर पडू देत नाही, ती रक्तात साचते. म्हणून दोन्ही सोबत असताना मेटफॉर्मिन साधारणपणे दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. मी दुप्पट घेत होते. डोस कमी झाला, शुगरची दुसरी गोळी जोडली, आठवड्यात पोट ताळ्यावर आलं. चूक त्या डॉक्टरांची किती आणि माझी किती, हे मी मोजणं सोडलंय. त्यांना माहीतच नव्हतं.

सांगायचं कसं? मी आता हे वाक्य पाठ केलंय: "मी डोल्युटेग्राव्हिर, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन घेते. नवीन गोळी देण्याआधी यांच्याशी जुळते का पाहाल का?" डॉक्टर काय ते समजतात. बाहेर बाकावर बसलेल्यांना काही कळत नाही. कंपाउंडरला किंवा काउंटरवर सांगायची गरज नाही, आत दार लोटून घेतल्यावर सांगा. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं, वेगळं वागवणं त्यात बेकायदा आहे, आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं हे दवाखान्याचं काम आहे. हे कोणी पाळलं नाही तर कायद्यात लोकपालाकडे तक्रारीची सोय आहे; कुठं, कशी ते केंद्रात किंवा 1097 या मोफत हेल्पलाइनवर विचारा.

आता बाकीची भांडणं.

पित्ताचं गुलाबी औषध किंवा चघळायच्या गोळ्या: यांतलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतं, ती अंगी लागत नाही. एआरटीची गोळी पित्ताच्या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, पण जेवणासोबत घेतल्या तर एआरटीबरोबर एकदम चालतात. पॅन्टोप्राझोल या पित्ताच्या गोळीची डोल्युटेग्राव्हिरला अडचण नाही. तुमच्या एआरटीत अटाझानाव्हिर असेल तर ती चालत नाही.

दुखण्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं: कंबर धरली की गल्लीत डायक्लोफिनॅकची सुई टोचून घेणं हा आपल्याकडचा रिवाज. टेनोफोव्हिरसोबत हे वारंवार झालं तर किडनी मार खाते, शुगर-बीपी असेल तर आणखीच. पॅरासिटामॉलवर भागतं का ते आधी विचारा.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्या: तुमच्या एआरटीत रिटोनाव्हिर असेल तर सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन अजिबात नाही. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन जपून, कमी डोसात. कोलेस्टेरॉल फार नसताना डॉक्टर स्टॅटिन सुचवतात म्हणून चिडू नका. रिप्रीव्ह नावाच्या मोठ्या चाचणीत भारतासह बारा देशांतले 7,769 एचआयव्ही असलेले लोक होते, वय 40 ते 75. 2023 मध्ये निकाल आला: रोज पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, लकवा अशा घटना 35 टक्क्यांनी कमी.

रिटोनाव्हिरवाल्यांसाठी आणखी दोन. दम्याच्या काही पंपांतलं आणि गुडघ्यात देतात त्या सुईतलं स्टेरॉइड अंगात साचून शुगर भडकते. आणि पुरुषांनी मेडिकल स्टोअरमधून गुपचूप आणलेली "ती" गोळी साध्या डोसातही जड जाऊ शकते. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी असेल तर जिवावर बेतेल. लाज बाजूला ठेवून विचारा.

फिट्सच्या कार्बामाझेपिन, फेनिटोइन आणि टीबीची रिफाम्पिसिन डोल्युटेग्राव्हिरची ताकद घटवतात. टीबीचे उपचार सुरू होताच केंद्रात सांगा, डोस बदलावा लागतो.

6. बीपी घरी मोजा

दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा, खर्रा, विडी नाही. दोनदा मोजा, वहीत लिहा. दवाखान्यात पुन्हापुन्हा 140/90 किंवा वर येत असेल तर ते बीपी. रांगेतून, जिन्यावरून, वाद घालून आल्यावरचा आकडा धरू नका.

7. ताट आणि पानठेला

"गोड बंद करा" एवढं सांगून डॉक्टर मोकळे होतात. नागपुरात आपला घात गोडानं कमी आणि तेला-मिठानं जास्त होतो. मी स्वतः डबे करते, मला विचारा. सावजी रश्शावर बोटभर तर्री तरंगली नाही तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. सकाळी तर्री-पोहे, चार वाजता आलुबोंडा, रात्री पापड-लोणचं-ठेचा. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे छोटा चमचाभर असावं म्हणतात. ते तर पापड-लोणच्यातच संपतं.

मी काय केलं? महिन्याचं तेल माणशी मोजून वेगळ्या बरणीत काढते. बरणी संपली की संपली. तर्री पळीनं काढून बाजूला. दोन वेळच्या पोळ्यांतली एक वेळ ज्वारीची भाकर, सोबत अंबाडी नाहीतर पालक, जवसाची चटणी मिठाचा हात आखडून. भात अर्धी वाटी. डाळ किंवा वरण घट्ट, पाणीदार नको. संत्रं एक खावं, रस पिऊ नये. ग्लासभर रसात तीन-चार संत्र्यांची साखर उतरते आणि चोथा टोपलीत जातो. उपास मात्र सोडले. शुगरच्या गोळीवर निर्जळी करून चक्कर येऊन पडण्यात पुण्य नाही.

जेवल्यावर अर्धा तास चाला. पहाटे मैदानावर जायलाच पाहिजे असं नाही, मी डबे पायी पोचवते.

आता खर्रा. गुटखा महाराष्ट्रात 2012 पासून बंद, तरी पानठेल्यावर पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घोटून खर्रा मिळतोच. माझा भाऊ दिवसाला सहा पुड्या खायचा आणि म्हणायचा, "विडी थोडीच पितो." तंबाखू कोणत्याही वाटेनं गेली तरी बीपी वाढवते. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे किती आहे हे वेगळं सांगायला नको. तोंड पूर्ण उघडत नसेल, पांढरा चट्टा असेल, तीन आठवड्यांत जखम भरली नसेल तर डेंटल कॉलेजच्या ओपीडीत दाखवा. खर्रा सोडायचा असेल तर 1800-11-2356 ही मोफत लाइन आहे. भावानं तिसऱ्या खेपेला सोडला. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या असं मी म्हणत नाही.

8. मे महिना

पंचेचाळीसच्या उन्हात गोळ्यांचे हाल होतात. स्कूटीच्या डिक्कीत, टीव्हीवर, खिडकीत डबी ठेवू नका. मी धान्याच्या कोठीशेजारी, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवते. डबीतली ती शोषक पुडी फेकू नका. इन्सुलिन असेल आणि फ्रिज नसेल तर पिशवीत गुंडाळून माठात. पाणी लागता कामा नये.

उलट्या-जुलाब लागले, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी फोन करून विचारा: मेटफॉर्मिन आणि बीपीची लघवी वाढवणारी गोळी तात्पुरती थांबवायची का? अंगातलं पाणी आटलेलं असताना या गोळ्या किडनीला भारी पडतात. एआरटी स्वतःच्या मनानं थांबवायची नाही.

9. वर्षातून एकदा

डोळ्यांचा पडदा, पावलं, लघवीतलं प्रोटीन, कोलेस्टेरॉल. पावलांकडे जरा जास्त बघा. जुन्या एआरटीनं आधीच मुंग्या दिल्या असतील आणि वरून शुगर आली तर खडा टोचलेलाही कळत नाही. रात्री झोपताना तळपाय आरशात पाहते मी. घरचे हसतात.

बायांनो, एक तपासणी आपली वेगळी: गर्भाशयाच्या तोंडाची. एचआयव्ही असलेल्या बाईला तिथल्या कॅन्सरचा धोका सहापट असतो. वयाच्या पंचविशीपासून दर तीन वर्षांनी करून घ्या. व्हिनेगरसारखं पाणी लावून पाहतात, काही मिनिटांचं काम, दुखत नाही. डागा, मेयो, मेडिकल, कुठंही स्त्रीरोग ओपीडीत विचारा. विधवा आहे, आता कशाला, असं मीही म्हणाले होते. हा आजार तेवढं विचारून येत नाही.

10. कधी थांबायचं नाही

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड. शुगर 70 च्या खाली, थरथर (आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, शुद्धीवर असेल तरच). 108 लावा. लकव्यात पहिले साडेचार तास मोलाचे असतात, "गॅस असेल" म्हणून जिरं-ओवा चघळण्यात घालवू नका. सोबत पिशवी घ्या.

11. तारखा जुळवा

केंद्रात विनंती करून गोळ्यांची तारीख आणि मेडिसिन ओपीडीचा वार एकाच दिवशी घ्या. एक खाडा, एक रिक्षाभाडं वाचतं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एआरटीच्या तारखेला हिरवा गोल करते, रक्त द्यायच्या तारखेला लाल. परवा शेजारणीनं हिरव्या गोलाचं विचारलं. सवयीनं तोंडात "सिलिंडरचा नंबर" आलं होतं. मी म्हणाले, "शुगर-बीपीवाल्या डॉक्टरांची तारीख." अर्धं तरी खरं होतं. तिनं लगेच विचारलं, "मलेही नेसान काय सोबत? माही शुगर कदी पायलीच नाही." पुढच्या मंगळवारी सकाळी सातला निघतोय, उपाशीपोटी.